‘रिव्ह्यू एसओएस’ म्हणजे नेमके कधी यायचे?

वाचकांचे प्रश्न : कॅज्युअल्टीतले उपचार आणि घरी आल्यानंतरचे दिवस

या वेळची बहुतेक पत्रे कॅज्युअल्टीतून घरी सोडल्यानंतरच्या गोंधळाबद्दल आहेत. उत्तरे तातडीच्या विभागात काम करणाऱ्या डॉक्टर व परिचारिकांनी मिळून लिहिली आहेत.

प्रश्न : आईला चक्कर आणि उलट्या सुरू झाल्या म्हणून रात्री कॅज्युअल्टीत नेलं. सलाईन लावलं, इंजेक्शन दिलं, दोन तासांनी घरी सोडलं. केसपेपरच्या तळाशी इंग्रजीत ‘रिव्ह्यू एसओएस’ एवढंच लिहिलंय. याचा अर्थ काय घ्यायचा?
— एक वाचक, लालबाग

उत्तर : अर्थ ‘गरज पडल्यास पुन्हा दाखवा’. पण गरज पडली हे ओळखायचे कुणी? तर तुम्ही, घरी, रात्री दोन वाजता. म्हणून या दोन शब्दांवर समाधान मानून ट्रॉलीपासून हलू नका. निघण्याआधी डॉक्टरांना चार गोष्टी विचारा आणि केसपेपरवरच लिहून घ्या. काय झाले असावे असे वाटते? काय दिसले तर लगेच परत यायचे? काहीच दिसले नाही तरी कुणाला, कधी दाखवायचे? आणि कोणता रिपोर्ट यायचा राहिला आहे? पहिल्याचे उत्तर ‘अजून नक्की नाही’ असेल तर तेही लिहून घ्या. पुढच्या डॉक्टरला ते ‘अ‍ॅसिडिटी’ अशा घाईघाईने चिकटवलेल्या नावापेक्षा जास्त उपयोगी पडते.

तुमच्या आईच्या बाबतीत लगेच परत नेण्याची लक्षणे अशी : बोलताना जीभ अडखळणे, तोंड वाकडे होणे, हातापायातली ताकद जाणे, एकाच बाजूला तोल जाणे, एकाची दोन दिसणे, घास गिळताना ठसका, कधी नव्हे एवढे डोके दुखणे. चक्कर बहुतेकदा कानातल्या बिघाडाची असते, पण मेंदूच्या मागच्या भागातला झटकाही (रक्ताची गुठळी अडकून येणारा पक्षाघात) सुरुवातीला असाच दिसतो. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते, आणि हे तास माणूस शेवटचा धडधाकट दिसला तेव्हापासून मोजतात. ‘सकाळी उठली तेव्हाच असं होतं’ म्हटले की घड्याळ रात्री झोपली त्या वेळेपासून चालू होते. त्यामुळे वेळ लक्षात ठेवा. पोटात पाणीही टिकत नसेल किंवा सहा-आठ तासांत लघवी झाली नसेल, तरीही परत न्या.

आणखी एक गोष्ट हमखास राहून जाते. उलट्या-जुलाब झालेल्या माणसाने रोजची बीपीची, लघवीची आणि डायबिटीसची गोळी त्या दिवशी घ्यायची की नाही, हे विचारूनच निघा. अंगातले पाणी कमी झालेले असताना या गोळ्या तशाच चालू ठेवल्या की बीपी किंवा साखर फार खाली जाऊ शकते, मूत्रपिंडावरही ताण येतो.

पालिकेच्या मोठ्या रुग्णालयात ‘सात दिवसांनी ओपीडीत या’ म्हणाले तर वार विचारा. तिथे प्रत्येक युनिटचे, म्हणजे डॉक्टरांच्या तुकडीचे, ओपीडीचे वार ठरलेले असतात. सात दिवस मोजून गेलात आणि त्या दिवशी दुसऱ्याच युनिटची ओपीडी निघाली, तर अर्ध्या दिवसाची मजुरी बुडते आणि माणूस पुन्हा फिरकत नाही. तारीख, वार, खोली नंबर आणि केसपेपरची खिडकी किती वाजता बंद होते, या चारही गोष्टी लागतात.

प्रश्न : वडिलांच्या छातीत दुखत होतं. ईसीजी काढला, ‘नॉर्मल आहे’ म्हणाले, तरी चार तास बसवून ठेवलं आणि दोनदा रक्त घेतलं. दरम्यान आमच्या मागून आलेल्यांना आधी आत घेतलं. हा कारभार बरोबर आहे का?
— एक वाचक, चेंबूर

उत्तर : दोन्ही गोष्टी बरोबर आहेत, मात्र त्या तुम्हाला कुणीतरी सांगायला हव्या होत्या. कारण माहीत नसले की चौथ्या तासाला नातेवाईक ‘नॉर्मल आहे ना, मग चला’ म्हणून पेशंटला उठवतात.

पहिला ईसीजी पेशंट दारात आल्यापासून 10 मिनिटांत निघावा, हा जगभर मानलेला नियम आहे. पण तो त्या क्षणाचा फोटो असतो. हृदयाचा झटका सुरू होताना ईसीजी साफ येऊ शकतो. म्हणून दुखणे चालू असेल तर 15 ते 30 मिनिटांनी पुन्हा काढतात. रक्तातले ट्रोपोनिन हृदयाच्या स्नायूला इजा झाल्यावर हळूहळू वाढते, त्यामुळे एकाच आकड्यापेक्षा दोन आकड्यांमधला फरक महत्त्वाचा. किती वेळाने दुसरे रक्त घ्यायचे ते टेस्टच्या प्रकारावर आहे. नव्या, जास्त संवेदनशील टेस्टला एक ते तीन तास, जुनीला तीन ते सहा.

मागून आलेल्याला आधी घेणे म्हणजे ट्रायाज. तातडीच्या विभागात रांग आल्याच्या वेळेवर चालत नाही. लाल म्हणजे आत्ता, पिवळा म्हणजे थोडे थांबू शकतो, हिरवा म्हणजे बसून राहिला तरी चालेल. ते ठरते नाडी, बीपी, ऑक्सिजन, शुद्ध, ताप आणि श्वासांचा दर यांवरून. यातला शेवटचा आकडा सगळ्यात बोलका आणि तोच सगळ्यात कमी वेळा खरोखर मोजलेला. घड्याळ लावून पूर्ण मिनिट छाती वर-खाली होताना पाहावी लागते, गर्दीत ती सवड कुणाला? पानोपानी 18 किंवा 20 लिहिलेले दिसले तर समजून घ्या. मोठ्या माणसाचा दर 25 च्या वर असेल तर बाकी सगळे ठीक दिसत असूनही तो पेशंट हिरवा नव्हे.

तुमच्या हातात काय आहे? खिडकीवर बोलायचे पहिले वाक्य. ‘गॅसेस झालेत बहुतेक’ असे सांगितले की पेशंट आपोआप बाकावर जातो. निदान सांगू नका, लक्षण आणि वेळ सांगा : ‘साडेनऊपासून छातीत दाबल्यासारखं होतंय, घाम सुटलाय, शुगर आहे.’ डायबिटीस असलेल्यांत, बायकांत आणि वयस्कांत छाती न दुखताही झटका येतो. नुसता दम, घाम, जबड्यात किंवा खांद्यात कळ, गळून गेल्यासारखे वाटणे एवढेच असते.

जाता जाता, घरातल्या सॉर्बिट्रेटबद्दल. शेजाऱ्यांनी काढून दिलेली गोळी जिभेखाली ठेवायची पद्धत आपल्याकडे फार आहे. बीपी आधीच कमी असेल, हृदयाच्या उजव्या भागाचा झटका असेल किंवा सिल्डेनाफिलसारखे (व्हायग्रा गटातले) औषध घेतलेले असेल तर तिने बीपी धाडकन खाली येते. स्वतःच्या डॉक्टरने लिहून दिली नसेल तर ती नको.

घरी सोडल्यावर हृदयाचे डॉक्टर आठवडाभरात गाठा आणि दोन्ही ईसीजीच्या प्रती बरोबर न्या. ईसीजीचा कागद उष्णतेने छापलेला असतो, काही महिन्यांत पुसट होतो. घरी आल्या आल्या फोटो काढून ठेवा.

प्रश्न : आमचं भांडुपला लहान नर्सिंग होम आहे, कॅज्युअल्टीत चार खाटा. घरी सोडलेल्या पेशंटचं पुढे काय होतं ते आम्हाला कळतच नाही. वेगळा माणूस नेमायला पैसे नाहीत. फॉलोअप कसा सुरू करावा?
— एक परिचारिका, भांडुप

उत्तर : एक मोबाइल, एक नोंदवही आणि रोजचा अर्धा-पाऊण तास, एवढ्यावर सुरू होते. सगळ्यांना फोन करायला जाल तर आठवड्यात थकाल. आधी कुणाला करायचा ते ठरवा : रिपोर्ट बाकी असलेले, छातीत दुखणे, पोटदुखी, डोक्याला मार, चक्कर अशी तक्रार असून निदान नक्की न झालेले, एकटे किंवा दोघेच राहणारे 65 च्या पुढचे, ताप घेऊन आलेली वर्षाच्या आतली बाळे, डामा करून, म्हणजे डॉक्टरांचा सल्ला न मानता सही करून गेलेले, आणि डॉक्टरांनी पाहण्याआधीच कंटाळून निघून गेलेले. शेवटचा गट कुठल्याच वहीत नसतो. त्यांचे नाव ट्रायाजच्या कागदावरून उचलावे लागते. दिवसाला 45 जण घरी जात असतील तर या चाळणीतून आठ-दहा उरतील, प्रत्येकी तीन-चार मिनिटे.

बहुतेक ठिकाणी फॉलोअप पहिल्याच पायरीवर बसतो : नंबर चुकीचा. केसपेपरवर रिक्षावाल्याचा, शेजाऱ्याचा किंवा पेशंटला घेऊन आलेल्या मुकादमाचा नंबर असतो. उपाय सोपा आहे. पेशंट ट्रॉलीवर असतानाच तुमच्या मोबाइलवरून मिस्ड कॉल द्या. त्याच्या खिशात वाजला तर नंबर खरा. तिथेच तुमचा नंबर त्याच्या फोनमध्ये हॉस्पिटलच्या नावाने सेव्ह करून घ्या, नाहीतर उद्या कर्जवाल्यांचा फोन समजून कट करतील. दुसरा नंबर वेगळ्या घरातला घ्या. मुंबईतला पेशंट बरे वाटेनासे झाले की पुष्कळदा सरळ गावी निघतो. कणकवलीला किंवा जौनपूरला पोचलेल्या माणसाला ‘ओपीडीत या’ सांगून काय उपयोग? तिथला सगळ्यात जवळचा दवाखाना कोणता, ते विचारून कागदाचा फोटो पाठवावा लागतो.

फोन 24 ते 48 तासांत. पोटदुखीला मात्र फोनवर भागवू नका. अपेंडिक्स सुरुवातीला बेंबीभोवती दुखते आणि नंतर उजवीकडे खाली सरकते, ते पोटाला हात लावल्याशिवाय कळत नाही. अशा पेशंटला 12 ते 24 तासांत पुन्हा तपासायला बोलवा आणि वेळ आधीच लिहून द्या. सकाळी आठ ते दहा फोन करू नका. पेशंट लोकलमध्ये लटकलेला असतो, ‘हो हो, बरं आहे’ म्हणून ठेवून देतो. दुपारी एक ते तीन बरे. फोन सिस्टरने करावा. बिलिंगच्या खिडकीवरून गेला तर घरच्यांना वाटते पैसे मागताहेत.

विचारायचे ते असे : आता कसे आहे, कालपेक्षा कमी की जास्त? कोणती औषधे आणली आणि कोणती नाही आणली? (न आणलेल्यांत महागडे अँटिबायोटिक हमखास असते.) सांगितलेल्या लक्षणांपैकी काही दिसले का? पुढची तारीख कोणती? उत्तर गडबडीचे वाटले तर सिस्टरने फोन तिथेच ड्युटी डॉक्टरकडे द्यायचा, ‘नंतर कळवतो’ नाही. फोन दुसऱ्याने उचलला तर रिपोर्ट सांगायचा नाही. गरोदरपण, एचआयव्ही किंवा विष घेतल्याची बाब असेल तर फक्त ‘त्यांना आम्हाला फोन करायला सांगा’.

बाकी रिपोर्टची वही वेगळी ठेवा. लघवीच्या कल्चरला (कोणते जंतू आहेत आणि कोणते औषध चालेल ते पाहणारी तपासणी) दोन-तीन दिवस, रक्ताच्या कल्चरचा शेवटचा रिपोर्ट पाच दिवसांनी. तोवर पेशंट घरी आणि ज्याने रक्त घेतले तो डॉक्टर दुसऱ्या पाळीत. लॅबने डॉक्टरच्या व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकला, डॉक्टर सुट्टीवर, आणि ‘हे अँटिबायोटिक चालणार नाही’ असे सांगणारा रिपोर्ट त्याच्या मोबाइलमध्ये पडून. व्हॉट्सअ‍ॅप ही नोंद नव्हे. वहीत तारीख, नाव, नंबर, कोणते कल्चर, कधी यायचे, कुणी कळवले एवढे रकाने पुरेत. सकाळच्या पाळीच्या एकाच ठरलेल्या सिस्टरने लॅबला विचारायचे आणि ओव्हर देताना-घेताना ही वही समोर उघडायची. खाटांची ओव्हर सगळे देतात, घरी गेलेल्यांची कुणी देत नाही.

घरी सोडतानाचे बोलणेही बदलून पाहा. ‘समजलं ना?’ विचारले की प्रत्येक जण मान हलवतो. त्याऐवजी : ‘काकी, घरी गेल्यावर कुठली गोळी कधी देणार, ते मला सांगा बघू.’ अर्ध्या चुका तिथेच बाहेर येतात. बीडी (दिवसातून दोनदा), टीडीएस (तीनदा), एसओएस ही अक्षरे पेशंटच्या कागदावर नकोत. सकाळ-दुपार-रात्र अशा तीन चौकटी काढा, खाली गोळीच्या रंगासकट लिहा. घरात वाचणारा हिंदी किंवा गुजराती असेल तर तसे.

महिन्याअखेर 72 तासांत परत आलेल्यांचे कागद काढून वाचा. यात एक खाच आहे : तुम्ही लक्षणे नीट समजावून सांगू लागलात की परत येणारे सुरुवातीला वाढतात. त्यातले ‘सांगितलं होतं म्हणून आलो’ हे वेगळे मोजा, ते यश आहे. आणि या आकड्यावरून कुणाला झापू नका. झापले की पुढच्या महिन्यापासून नोंदी स्वच्छ आणि निरुपयोगी होतात.

प्रश्न : मनगट मोडलं होतं, प्लॅस्टर घालून आठवड्याने एक्स-रेसाठी बोलावलं होतं. दुखणं थांबलं म्हणून गेलो नाही. आता तीन आठवडे झालेत. एकदम प्लॅस्टर काढायलाच गेलं तर चालेल?
— एक वाचक, गोरेगाव

उत्तर : उद्याच जा. पहिल्या दिवशी मनगट सुजलेले असते, प्लॅस्टर त्या सुजेवर बसवलेले असते. आठवड्यात सूज उतरते, आत जागा होते आणि नीट बसवलेले हाड त्या जागेत सरकू शकते. दुखत नसले तरी सरकते. पहिल्या दोन आठवड्यांत कळले तर पुष्कळदा बाहेरून ओढून बसवता येते. तीन आठवड्यांनंतर हाड वाकडेच जुळू लागते, मग ऑपरेशन किंवा कायमचे वाकडे मनगट. प्लॅस्टरमध्ये बोट सहज घालता येत असेल तर ते ढिले झाले आहे.

पडताना तळहात टेकला, अंगठ्याच्या मुळाशी खळगा पडतो तिथे दाबल्यावर दुखते आणि एक्स-रे मात्र ‘नॉर्मल’, अशांनीही 10 ते 14 दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढावा. तिथल्या छोट्या हाडाची चीर पहिल्या फोटोत दिसेलच असे नाही. त्या हाडाचा रक्तपुरवठा तोकडा असल्याने दुर्लक्ष झाले तर ते जुळत नाही.

प्लॅस्टर घातल्यावर पहिले दोन दिवस हात उशीवर, छातीच्या वर. बोटे निळी, थंड, बधिर झाली किंवा बोट सरळ करताना जीव जाईल इतके दुखले, तर सकाळची वाट पाहू नका. आत दाब वाढलेला असतो आणि प्लॅस्टर तासाभरात कापावे लागते.

प्रश्न : मुलगा मैदानात डोक्यावर पडला. सीटी स्कॅन न काढताच घरी पाठवलं. निष्काळजीपणा नाही का हा?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : सीटीत किरणांचा मारा असतो आणि मुलांना तो उगाच द्यायचा नसतो. शुद्ध गेली नाही, उलट्या नाहीत, मूल नीट बोलते-खेळते आहे, तर काही तास नजरेखाली ठेवून घरी सोडणे योग्यच. पुढचे 24 ते 48 तास जवळ मोठे माणूस हवे. झोपू द्या. रात्रीतून एक-दोनदा हाक मारून ओळखीने उत्तर देतो का, एवढे पाहा. पुन्हा पुन्हा उलटी, उठवताना न उठणे, असंबद्ध बोलणे, आकडी येणे, नाका-कानातून पाण्यासारखे काही येणे, वाढत जाणारी डोकेदुखी : यातले एक जरी दिसले तरी लगेच परत. निदान आठवडाभर मैदान बंद.

खरी काळजी आजोबांची करा. मोरीत पाय घसरून डोके आपटले, काही झाले नाही म्हणून सगळे विसरले, आणि दोन-तीन आठवड्यांनी ते गोंधळल्यासारखे वागू लागले, चालताना झोकांड्या जाऊ लागल्या. घरचे म्हणतात वय झाले. मेंदूभोवती हळूहळू साचलेले रक्त असे वागते, विशेषतः रक्त पातळ करण्याची औषधे चालू असतील तर. डॉक्टरांना ते जुने पडणे आठवणीने सांगा.

प्रश्न : कुत्रा चावल्यावर तीन इंजेक्शनं झाली, चौथ्याची तारीख चुकली. परत पहिल्यापासून घ्यायची का?
— एक वाचक, धारावी

उत्तर : नाही. राहिलेले आजच घ्या आणि पुढचे ठरलेल्या अंतराने. दंडाच्या स्नायूतले वेळापत्रक 0, 3, 7, 14, 28 व्या दिवशी असते. त्वचेत घेतात ते 0, 3, 7, 28 आणि त्यात दर वेळी दोन ठिकाणी 0.1 मिली. शून्य दिवस पहिल्या डोसचा, चाव्याचा नव्हे. तुमचे कोणते, ते कार्डावर असते, म्हणून कार्ड जपा. ते दाखवून उरलेले डोस घराजवळच्या पालिका दवाखान्यात घेता येतात. रक्त आले असेल तर जखमेत सिरमही (तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन) लागते आणि ते पहिल्या डोसपासून सात दिवसांपर्यंतच देतात. साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटे धुणे सगळ्यात आधी. हळद, चुना, तिखट काहीही नको.

प्रश्न : रस्त्यावरच्या अपघातग्रस्ताला जवळच्या खासगी हॉस्पिटलात नेलं तर ‘आधी पोलीस’, ‘आधी डिपॉझिट’ म्हणतात. आणि तिथून दुसरीकडे हलवायचं ठरलं तर काय बघावं?
— एक वाचक, घाटकोपर

उत्तर : सर्वोच्च न्यायालयाने 1989 सालीच परमानंद कटारा खटल्यात सांगितले आहे की सरकारी असो वा खासगी, जीव वाचवणे आधी, पोलिसी सोपस्कार मागून. नेणाऱ्याला संरक्षण मोटार वाहन कायद्याच्या कलम 134-अ ने दिले आहे. 2019 च्या दुरुस्तीने आलेले हे कलम दिवाणी-फौजदारी दोन्ही जबाबदाऱ्यांतून सोडवते. नाव सांगण्याची सक्ती नाही. 2025 पासून अपघातग्रस्ताला योजनेतल्या रुग्णालयात पहिले सात दिवस दीड लाख रुपयांपर्यंत कॅशलेस उपचारही आहेत.

हलवायचे असेल तर तीन गोष्टी झाल्याशिवाय गाडीत चढू नका. पुढच्या हॉस्पिटलला डॉक्टरने डॉक्टरशी फोनवर बोलायला हवे. केईएम, सायन, नायर, कूपर ‘मोठी आहेत, घेतीलच’ हे गृहीत धरून निघाल्यावर दारात तास जातो, कारण व्हेंटिलेटर किंवा न्यूरोसर्जरीची खाट त्या क्षणी आहे की नाही ते आतल्यालाच ठाऊक असते. दुसरे, पत्रावर इंजेक्शनचे नाव, मात्रा आणि वेळ. ‘इंजेक्शन दिले’ एवढ्यावर पुढचा डॉक्टर तेच पुन्हा देऊ शकत नाही आणि टाळूही शकत नाही. एक्स-रे, सीटीच्या फिल्म पेशंटबरोबर, रिपोर्ट नंतर येतो म्हणून मागे ठेवू नका. तिसरे, गाडी कोणती. 108 ची सेवा फुकट आहे आणि राज्यात 2014 पासून चालू आहे. फोनवर ‘ऑक्सिजन लागतोय, शुद्ध नाही’ हे स्पष्ट सांगितले तर तशी सामग्री असलेली गाडी मागता येते.

पैशापायी डामा करून न्यावे लागले, तरी औषधांची चिठ्ठी आणि कागद मागून घ्या. सही केली म्हणून तेच हॉस्पिटल पुन्हा तपासायला नाही म्हणू शकत नाही. तेव्हा कागद मिळाले नसतील तर लेखी अर्ज द्या. मागणी केल्यापासून 72 तासांत नोंदी द्यायच्या असा डॉक्टरांच्या 2002 च्या आचारनियमांत नियम आहे. अर्जाच्या प्रतीवर पोच म्हणून शिक्का आणि वेळ घ्यायला विसरू नका.